विल्यम कुशिंग : बेदरकार की हिशेबी?

खाडीकाठ यांचा प्रश्न :

अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी वाचताना उत्तरेच्या नौदलातील विल्यम बार्कर कुशिंग या अधिकाऱ्याचे नाव वारंवार समोर येते. त्याचा जन्म 1842 मध्ये विस्कॉन्सिनमधील डेलाफिल्ड येथे झाला, 1857 मध्ये तो नौदल अकादमीत दाखल झाला आणि मार्च 1861 मध्ये, पदवी हातात पडायला थोडेच दिवस उरले असताना, खोड्या आणि स्पॅनिश भाषेतील कच्चेपणा या कारणांवरून त्याला राजीनामा द्यावा लागला. एप्रिलमध्ये युद्ध पेटले, माणसांची निकड भासू लागली आणि नौदलमंत्री गिडियन वेल्स यांनी त्याला अगदी खालच्या पदावर परत घेतले. जुलै 1862 मध्ये, वयाच्या 19व्या वर्षी, तो लेफ्टनंट झाला होता.

त्याच्यावरचे बहुतेक लेखन ‘जिवावर उदार झालेला तरुण’ एवढ्यावर थांबते. एकवीस वर्षांच्या मुलाच्या हाती दक्षिणेची ‘अल्बेमार्ल’ ही चिलखती नौका बुडवण्यासारखी कामगिरी केवळ त्याच्या बेदरकारपणाकडे पाहून सोपवली गेली असेल, हे मला पटत नाही. त्याच्या धाडसामागे काही पद्धत दिसते का, यावर जाणकारांनी लिहावे.

दर्यावर्दी :

पद्धत शोधायची असेल तर यशाआधी त्याच्या फसलेल्या मोहिमा पाहाव्यात, असे मला वाटते. नोव्हेंबर 1862 मध्ये ‘एलिस’ ही लहान तोफनौका घेऊन तो उत्तर कॅरोलिनातील न्यू रिव्हर नदीत शिरला, जॅक्सनव्हिल गावापर्यंत गेला, दोन शिडाची जहाजे पकडली आणि परतताना ‘एलिस’ वाळूत रुतली. तेव्हा त्याने बहुतेक खलाशांना पकडलेल्या जहाजावर पाठवून दिले, स्वतः सहा स्वयंसेवकांसह मागे राहिला, किनाऱ्यावरून तोफांचा मारा सुरू झाल्यावर आणि नौका वाचत नाही हे स्पष्ट झाल्यावर तिला आग लावली आणि लहान होडीतून निसटला. नौका गमावूनही त्याच्यावर ठपका आला नाही.

फेब्रुवारी 1864 च्या अखेरीस तो दोन होड्या आणि सुमारे 20 माणसे घेऊन रात्री स्मिथव्हिल गावात उतरला. दक्षिणेचे जनरल लुई हेबेर यांना त्यांच्या निवासातूनच उचलून आणण्याचा बेत होता. जनरलसाहेब नेमके विल्मिंग्टनला गेलेले निघाले, म्हणून त्यांच्या एका इंजिनियर अधिकाऱ्याला कैद करून ही मंडळी परतली. हे वाचताना हसू येते. पण शत्रूच्या तळाशेजारी उतरून एकही माणूस न गमावता परत येणे हे नुसत्या नशिबाचे काम नव्हे.

जूनमधील मोहीम मला सर्वांत बोलकी वाटते. दक्षिणेची ‘रॅली’ ही चिलखती नौका केप फिअर नदीत नेमकी कोणत्या अवस्थेत आहे, हे कळणे गरजेचे होते. कुशिंग एका होडीतून किल्ल्यांच्या तोंडावरून आत शिरला, दिवसा दलदलीत लपून राहिला, डाक घेऊन जाणारा एक स्वार पकडला, त्याचाच कोट घालून आपल्या एका सहकाऱ्याला त्याच्याच घोड्यावरून दुकानात पाठवले आणि सर्वांसाठी खायला मागवले. ‘रॅली’ मे महिन्यातच रेतीत फसून मोडली होती, ही पक्की खबर त्याने आणली. रात्रीची वेळ, मोजकी माणसे, स्वतः केलेली टेहळणी आणि बेत फसला तर दुसरी वाट हाताशी, या चार गोष्टी त्याच्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेत आढळतात. ‘अल्बेमार्ल’साठी त्याचीच निवड का झाली, याचे उत्तर मला यात दिसते.

जुने नकाशे :

दर्यावर्दी यांच्याशी सहमत आहे. फक्त भूगोलाची जोड देतो, कारण त्याशिवाय ही कामगिरी लहान होडीवर का सोपवावी लागली हे कळत नाही. ‘अल्बेमार्ल’ रोअनोक नदीकाठी एडवर्ड्स फेरी येथे मक्याच्या शेतात बांधली गेली. बांधणारा गिल्बर्ट एलियट कुशिंगहून वर्षभराने लहान होता, हाही एक योगायोगच. एप्रिल 1864 मध्ये तिने प्लिमथ गावाजवळ उत्तरेची ‘साउथफिल्ड’ ही नौका बुडवली. त्याच झटापटीत उत्तरेच्याच ‘मायामी’ या नौकेवरील चार्ल्स फ्लसर हा कुशिंगचा जवळचा मित्र ठार झाला आणि पाठोपाठ गाव दक्षिणेच्या हाती गेले. उत्तरेकडे तिच्या तोडीच्या चिलखती नौका होत्या, पण त्यांना पाणी खोल लागत असे आणि तिथल्या उथळ मुखांतून त्या आत येऊ शकत नव्हत्या. मे महिन्यात लाकडी नौकांनी तिला घेरून पाहिले, ‘सॅसॅकस’ने तर तिला धडकही दिली; तरी ती तरंगतच राहिली.

27 ऑक्टोबरच्या रात्री कुशिंग वाफेच्या लाँचमधून निघाला. त्याच्यासह पंधरा माणसे होती आणि मागे एक होडी बांधून घेतली होती. ‘साउथफिल्ड’च्या सांगाड्याजवळील पहारेकऱ्यांना चाहूल लागली नाही. तोवर त्याच्या मनात नौका बुडवायची नव्हतीच. धक्क्यावर उतरून, दोर कापून, ती पळवून न्यायची होती. पहाऱ्यावरून हाक आल्यावर त्याने क्षणात बेत बदलला. काठावर शेकोटी भडकली आणि तिच्या उजेडात नौकेभोवती ओंडक्यांचे कुंपण दिसले. अशा वेळी तो सरळ त्यावर चालून गेला नाही. लाँच वळवून त्याने नदीत मोठा फेरा घेतला आणि पूर्ण वेगात काटकोनात कुंपणावर घातली, कारण बरेच दिवस पाण्यात राहून बुळबुळीत झालेल्या ओंडक्यांवरून ती घसरत पलीकडे जाईल असा त्याचा अंदाज होता. तो खरा ठरला. गोळ्या अंगावर येत असताना ज्याला हे सुचते, त्याला बेदरकार म्हणणे मला जड जाते.

खाडीकाठ :

दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न आहेत. ‘अल्बेमार्ल’ बुडवताना त्याने वापरलेला ‘टॉर्पेडो’ म्हणजे आजचा पाणतीरच का? आणि त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याचा उल्लेख कुठेच कसा सापडत नाही?

लोखंडी नांगर :

स्वतःच्या बळावर धावणारा पाणतीर तेव्हा वापरात आलेला नव्हता. कुशिंगचा टॉर्पेडो म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला अडकवलेला दारूचा डबा होता. एका दोरीने दांडा पाण्यात उतरवायचा, दुसरीने डबा सुटा करायचा, तो शत्रूच्या तळाखाली तरंगत वर येईपर्यंत थांबायचे आणि मग आणखी एक दोरी ओढून आतली खीळ काढायची, म्हणजे लोखंडी गोळा केपावर पडून स्फोट होई. दोरी घाईने हिसकली तर सगळे मुसळ केरात. शत्रूची तोफ समोर रोखलेली असताना हा क्रम न चुकता पार पाडायचा होता. स्फोट आणि त्या तोफेचा बार जवळजवळ एकाच वेळी झाले.

पदकाचे कारण साधे आहे. त्या युद्धात नौदलातील अधिकारी या पदकास पात्र नव्हते. त्यामुळे लाँचवरील खलाशांना ते मिळाले, कुशिंगला मात्र बढती आणि संसदेचे आभार मिळाले. त्याचा थोरला भाऊ अलोन्झो लष्कराच्या तोफखान्यात होता आणि 3 जुलै 1863 रोजी गेटिसबर्गला मारला गेला. त्याला हे पदक 2014 मध्ये मिळाले.

पाणकोंबडा :

चर्चा चांगली चालली आहे, पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडावी. त्या पंधरांपैकी कुशिंग आणि आणखी एक जण असे दोघेच सुटले. दोघे बुडाले आणि अकरा कैद झाले. कुशिंग थंडगार पाण्यात पोहत दलदलीत शिरला. तिथे भेटलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाला त्याने पैसे देऊन गावात पाठवले, तेव्हा कुठे नौका बुडाल्याचे त्याला समजले. मग शत्रूच्या पहारेकऱ्यांची होडी चोरून तो उत्तरेच्या ‘व्हॅली सिटी’ या नौकेपर्यंत वल्हवत गेला. 31 ऑक्टोबरला प्लिमथ परत घेतले गेले, म्हणजे सौदा वाया गेला नाही, हे मान्य.

फोर्ट फिशर या दक्षिणेच्या किल्ल्याबाबत मात्र आपल्या ‘पद्धती’चा निकष लागू पडत नाही. 15 जानेवारी 1865 रोजी सुमारे दोन हजार खलाशी आणि नौसैनिकांना, बहुतेकांच्या हाती पिस्तुले आणि आखूड तलवारी देऊन, भर दिवसा उघड्या वाळूवरून किल्ल्यावर धाडण्यात आले. बेत ॲडमिरल पोर्टर यांचा होता. कुशिंग त्या गर्दीतला एक होता. हल्ला मोडला, त्याचे मित्र पडले आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या पायदळाने त्याच रात्री किल्ला घेतला. रात्र नाही, मोजकी माणसे नाहीत, परतीची वाट नाही. बेत जिथे दुसऱ्याचा होता, तिथे कुशिंगची पद्धत कामी आली नाही.

जाता जाता, या किल्ल्याच्या आडोशाने विल्मिंग्टन बंदरातून उत्तरेच्या नौदलाची नाकेबंदी चुकवणारी जहाजे ये-जा करीत. त्याच नाकेबंदीमुळे इंग्लंडला अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. आपल्याकडे हे युद्ध आठवते ते बहुधा एवढ्यासाठीच.

दर्यावर्दी :

पाणकोंबडा यांचा फोर्ट फिशरविषयीचा मुद्दा मान्य. पुढची नऊ वर्षे कुशिंग नौदलातच राहिला. 1873 मध्ये स्पेनने पकडलेल्या ‘व्हर्जिनियस’ या जहाजाच्या खलाशांना सांतियागो द क्युबा येथे गोळ्या घातल्या गेल्यावर तो ‘वायोमिंग’ ही युद्धनौका घेऊन तिथे पोहोचला आणि त्याने स्पॅनिश अधिकाऱ्यांना खडसावले. अकादमीत नापास केलेल्या स्पॅनिशशी त्याची गाठ अशी पडली. पण तोवर तब्येत खालावली होती. 17 डिसेंबर 1874 रोजी वॉशिंग्टनमधील मनोरुग्णालयात, वयाच्या 32व्या वर्षी, तो वारला. ज्या अकादमीने त्याला काढले होते, तिच्याच आवारात ॲनापोलिस येथे त्याला पुरले आहे. ‘अल्बेमार्ल’ला पुढे नदीतून वर काढून नॉरफोकला नेले गेले आणि 1867 मध्ये ती विकली गेली.