मदत हवी आहे: दगडी दर्शनी भिंतीच्या दर्जा (दगडांमधले सांधे) पुन्हा चुन्यात भरायच्या आहेत

सोलापुरातलं जुनं घर, पुढची भिंत काळ्या दगडाची, बांधकाम चुन्यातलं. दर्जांवर नंतर कुणीतरी सिमेंट फासलंय. ओल बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे आतल्या गिलाव्याला लोणा (क्षार) लागून पोपडे सुटतात.

सिमेंट छिन्नीनंच काढणार (ग्राइंडरनं दगडाच्या कडा जातात), दर्जा 25 मिमी खोल मोकळ्या करून, भिजवून, 1 भाग चुना आणि 3 भाग चाळलेली वाळू भरायची.

अडचण उन्हाची. चुना झटकन वाळला की भुकटी होतो. ओलं गोणपाट किती दिवस ठेवता? की थेट दिवाळीनंतरच काम काढू?

शिवाय दगडावरच्या टाकीच्या (छिन्नीच्या) खाचांत बसलेला जुना ऑइलपेंट कशानं निघेल? सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) नकोच. चुन्यात हात बसलेला गवंडी माहीत असेल तर तेही सांगा.