पळस: नाव फुलाचं की पानाचं?

माळरान
होळी तोंडावर आली. काल तुळजापूर रोडनं सोलापूरला येताना बांधावरचा पळस बघितला. अंगावर एक पान नाही, नुसता पेटलेला. घरी विषय निघाला तर वडील म्हणाले, पलाश म्हणजे मुळात पान. मला हे पटत नाही. फुलताना ज्या झाडावर पानच नसतं, त्याला पानाचं नाव कोण देईल? 'पल' म्हणजे मांस. त्या रंगावरूनच पलाश. राक्षसालाही संस्कृतात पलाश म्हणतात.

तीनपानी
दादा, राक्षसाचा पलाश म्हणजे 'पल' खाणारा. झाड कुणाचं मांस खातं? अमरकोश उघडून बघा. पानाचे शब्द: पत्र, पलाश, छदन, दल, पर्ण. या झाडाची नावं: पलाश, किंशुक, पर्ण. दोन शब्द दोन्हीकडे तेच! वेदांत तर या झाडाला पर्णच म्हटलंय. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणू, दोन कसे जुळतील?
माझ्या आजीनं आयुष्यभर पळसाच्या पत्रावळ्या लावल्या. फूल येतं आणि महिन्याभरात जातं. पंगत, नैवेद्य, द्रोण, सगळं पानावर चालायचं. ज्याचा रोज उपयोग, त्याचंच नाव तोंडात बसतं. आपली म्हणसुद्धा फुलावर नाही, 'पळसाला पाने तीनच'.

पूर्वभाग
आमच्या घरी तेलुगू, आम्ही याला मोदुग म्हणतो. शेजारी कन्नड बोलतात, त्यांचा मुत्तुग. या दोन्हींत ना पान, ना मांस. संस्कृतवरूनच निकाल लावायचा तर निम्मं सोलापूर बाहेर राहील.
शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. त्यातला ब्यूट हा अठराव्या शतकातला ब्रिटिश उमराव आणि मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, शेंगेत एकच बी म्हणून. तिथं तर फूलही नाही आणि पानही नाही.

माळरान
पर्णाचा मुद्दा बिनतोड आहे. मांसाची गोष्ट मागे घेतो. पण किंशुक? 'किम् शुकः', हा पोपट आहे का? फुलाची बाकदार पाकळी हातात धरा, हुबेहूब चोच. हे नाव फुलाचंच.

तीनपानी
चोच दिसते, नाही म्हणत नाही. पण असे अर्थ बहुतेक वेळा शब्द रुळल्यावर कुणीतरी फोड करून बसवलेले असतात. मी तो पुरावा धरणार नाही.

माळरान
मी धरणार. ज्यानं कुणी ती फोड केली, त्यानं फूल जवळून बघितलं होतं, मला तेवढं पुरे. रविवारी रंगपंचमीसाठी फुलं वेचायला जातोय, उकळून केशरी रंग करतो दरवर्षी. एक सांगा, पत्रावळ टाचायला आजी काडी कशाची घ्यायच्या?