'एक होता विदूषक'ला तमाशापट म्हणायचं का?

सांगलीकर:
काल 'एक होता विदूषक' (१९९२) पुन्हा पाहिला. शाळेत असताना लक्ष्मीकांत बेर्डे आहे म्हणून हसायला बसलो नि अर्ध्यात उठलो होतो. आता चाळिशीत शेवटी आवंढा गिळत बसलो. फड, लावणी, सोंगाड्या सगळं आहे, तरी तमाशापट म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुना प्रेक्षक:
नकाच म्हणू. पु. लं.ची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. सोंगाड्या आबुराव सिनेमात जातो, राजकारण्यांच्या हाती लागतो, आणि त्याचीच मुलगी हसत नाही! तिथे हा सिनेमा फडाबाहेर पडतो. बेर्डेंचा चेहरा बघा त्या वेळी, विनोदाची सगळी हत्यारं बोथट झालेला.

रानातली कविता:
महानोरांची गाणी नि आनंद मोडकांच्या चाली राहिल्या की हो! मला मात्र राजकारणाचा भाग जरा लांबलेला वाटतो.

सांगलीकर:
लांबलाय, मान्य. पण राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही आमच्या घरात अजून 'तो बेर्डेचा रडका पिक्चर' हीच ओळख. रविवारी आईला शेजारी बसवून दाखवणार आहे.

जुना प्रेक्षक:
मधु कांबीकरांकडे लक्ष द्यायला सांगा त्यांना.