मूडबोर्ड नंतर, आधी चौकट

पिंटरेस्टवर तासन् तास चित्रं गोळा करून मूडबोर्ड (म्हणजे कल्पनेसाठी जमवलेल्या नमुन्यांचा फलक) केला, तरी सगळे लोगो एकाच छापाचे होतात, अशी डिझायनरांची तक्रार असते. ती पटते. अहो, सगळेच एका ताटातलं उचलणार, तर दुसरं काय होणार!

उलट मर्यादेतून काय निघतं ते बघा. ॲपलचा १९८४चा मॅकिंटॉश संगणक घ्या. तो तयार होत असताना मेन्यूत प्रत्येक कीबोर्ड शॉर्टकटशेजारी ॲपलचा लोगो होता. लोगोची एवढी खैरात स्टीव्ह जॉब्जना खपली नाही. मग मॅकचे आयकॉन काढणाऱ्या डिझायनर सुझन केअर यांनी चिन्हांचा कोश चाळला आणि त्यांना कोपऱ्यांना वेढे असलेला एक चौकोन सापडला. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर असतो तो! तोच आजही ॲपलच्या कीबोर्डवर कमांड कीवर आहे. बाईंचे आयकॉन तर ग्राफ पेपरवर झाले: ३२ बाय ३२ चौकटी, एकेक काळी करायची. इतक्या जागेत नक्षीकामाला वावच नाही.

आपल्याकडे 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मोदक फॉन्ट बघा. अक्षरं इतकी गुबगुबीत की 'ब'च्या पोटात नुसती फट उरते. बारीक मजकुराला कुचकामी, पण बॅनरवर नजर खेचतो.

त्यामुळे क्लायंटकडून आधी मर्यादा लिहून घ्या: रंग किती, मोबाईलवर केवढं दिसणार, छपाई कशावर. (बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो.) मूडबोर्ड त्यानंतर.