'फाइल प्रक्रियेत आहे': परदेशातून दत्तक घेताना वाट पाहणाऱ्यांचे अनुभव

धागा काढणारी

आमची फाइल सध्या कुठल्यातरी टेबलावर आहे. कुठल्या, ते कोणी सांगत नाही. विचारलं की 'प्रक्रियेत आहे' एवढंच उत्तर येतं, तेही उशिराने. घरातले वडीलधारे म्हणतात, देवावर सोड. आमच्या समाजसेविका म्हणतात, कागद तयार ठेवा. मी दोन्ही करते आहे. देवावर सोडलेल्या गोष्टीसाठी रोज सकाळी ईमेल उघडून बघणं हे कितपत सोडणं झालं, ते मात्र विचारू नका.

परदेशातून मूल दत्तक घेतलेले, घेत असलेले, मध्येच थांबलेले, आणि जे स्वतः असे दत्तक आले ते, सगळ्यांनी लिहा. या काळात तुम्ही नेमकं काय करत होतात? कागदांचं काय केलंत, श्रद्धेचं काय झालं? 'योग्य वेळ आली की सगळं होतं' हे वाक्य मला पाठ आहे. तेवढं सोडून काहीही चालेल.

दोन मुलांचा बाबा

मी कागदांपासून सुरू करतो, कारण आमच्या घरात ते खातं माझ्याकडे होतं.

लोकांना वाटतं, कागद एकदा जमवले की झालं. पण जमवलेले कागद टिकत नाहीत. पोलिस पडताळणीची मुदत वेगळी, वैद्यकीय दाखल्याची वेगळी, पगाराच्या पत्राची, होम स्टडीची (म्हणजे समाजसेविका आपल्या घराबद्दल लिहितात तो अहवाल), बोटांच्या ठशांची वेगळी. शेवटचा कागद हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असते. म्हणून मी एक तक्ता केला: कागदाचं नाव, मिळाल्याची तारीख, संपण्याची तारीख, आणि चौथा रकाना, 'नवा मागवायला कधी लागायचं'. खरा कामाचा रकाना तो चौथा.

मग नावांची भानगड. बायकोच्या पासपोर्टवर मधलं नाव आहे, पदवीवर नाही, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं. या तिन्ही कागदांवरची बाई एकच आहे असं शपथपत्र करावं लागलं. सही करताना ती म्हणाली, आता मलाही शंका यायला लागलीय.

त्यानंतर अ‍ॅपोस्टिल. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातलं हे प्रमाणपत्र. वर फ्रेंचमधला मथळा, खाली एक ते दहा क्रमांकांचे रकाने, कुठल्याही देशाचं असलं तरी तेच दहा. दोन्ही देश त्या करारात असले तर वकिलातीच्या चकरा वाचतात. पण ते प्रमाणपत्र एवढंच सांगतं की कागदावरची सही आणि मोहोर खरी आहे. आत जे लिहिलंय ते खरं की खोटं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

श्रद्धेचं म्हणाल तर मी नास्तिक. बायको रात्री जप करायची, त्याच वेळी मी तक्ता उघडून बसायचो. एकदा तिने विचारलं, तुझ्या तक्त्याने फाइल हलते का? मी विचारलं, तुझ्या जपाने? त्यानंतर आम्ही एकमेकांच्या खात्यात बोललो नाही. वाट पाहणाऱ्या जोडप्याला हा तह फार उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

एका शाळकरी मुलीची आई

वरचं सगळं मूल ठरण्याच्या आधीचं. खरा कस लागतो तो त्यानंतर. नाव कळलेलं असतं, फोटो आलेला असतो, आणि तरी ती तिथे आणि आपण इथे. १९९३ च्या हेग दत्तक करारातलं कलम १७ तेव्हा मला तोंडपाठ झालं होतं: दोन्ही देशांची मध्यवर्ती प्राधिकरणं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणा, 'पुढे जायला हरकत नाही' असं म्हणत नाहीत, तोवर मूल सोपवण्याचा निर्णयच घेता येत नाही. एकाने हो म्हटलं होतं. दुसऱ्याचं पत्र यायचं होतं.

माझ्याकडे तिचा एका पानाचा वैद्यकीय अहवाल होता. वजन, उंची, डोक्याचा घेर, दिलेल्या लशी, आणि शेवटी एक शब्द, 'खेळकर'. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, एका आकड्यावरून काही ठरवू नका, आकडे कसे सरकताहेत ते बघा. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे आलेख छापून भिंतीवर लावले आणि नवा अहवाल आला की त्यावर ठिपका काढायला लागले. डोक्याचा घेर अर्धा सेंटिमीटर वाढला म्हणून रडलेली बाई म्हणजे मी. नवऱ्याला कारण सांगितलं, तर त्याने पट्टी आणून अर्धा सेंटिमीटर म्हणजे केवढं ते बघितलं. मग तोही बसला शेजारी.

प्रार्थनेबद्दल विचारलंत. सुरुवातीला माझं एकच मागणं असायचं, लवकर आण. पत्र येत नव्हतं तसतसं मागणं बदलत गेलं. पुढे पुढे मी एवढंच म्हणायचे, आज रात्री ती रडली तर कोणीतरी उचलून घेऊ दे. त्या 'कोणीतरी'ला माझ्या डोळ्यांसमोर चेहरा नव्हता. तिथे गेल्यावर तो दिसला. रात्रपाळीच्या मावशी होत्या. मुलगी त्यांना इतकी बिलगलेली की माझ्याकडे येईचना, आणि हॉटेलात आणल्यावरही त्यांच्यासाठीच रडत राहिली. माझी प्रार्थना अगदी शब्दशः ऐकली गेली होती, आणि त्याचा त्रास मलाच होत होता.

घाईतला

कलम ३५ वाचलंय का कोणी? दत्तकाच्या प्रक्रियेत संबंधित यंत्रणांनी त्वरेने काम करावं, असं त्याच करारात लिहिलंय. मी ते मोठ्या अक्षरांत छापून अर्जाच्या पहिल्या पानावर लावणार होतो. समाजसेविकेने काढायला लावलं.

जिची वाट संपली ती

आमचं मूल चीनमधून येणार होतं. सगळं ठरलं होतं. २०२० मध्ये महासाथ आली आणि प्रवास थांबला. तो पुन्हा सुरू होईल या आशेवर आम्ही कागद नवे करत राहिलो. वरच्या बाबांचा चौथा रकाना मला नीट कळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या देशाने जाहीर केलं की यापुढे मुलं परदेशात दत्तक दिली जाणार नाहीत. अपवाद फक्त जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या मुलांचा आणि सावत्र मुलांचा. आम्ही नात्यातले नव्हतो. फोटो भिंतीवर असणं म्हणजे नातं नव्हे, कायद्याच्या दृष्टीने.

असं आधीही झालेलं होतं, ते मला माहीत होतं. रशियाने १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकी पालकांना बंदी केली, इथिओपियाने २०१८ च्या जानेवारीत सगळ्याच परदेशी पालकांना. पण दुसऱ्यांच्या बाबतीतली बातमी माणूस बातमी म्हणूनच वाचतो.

नंतर लोक म्हणाले, दुसऱ्या देशातून घ्या. रेल्वे चुकली तर पुढची पकडा, अशा थाटात. जे मूल आलं नाही त्याच्यासाठी रडायची आपल्याकडे रीत नाही. कोणी भेटायला येत नाही, रजा मिळत नाही. आणि ते मूल जिवंत आहे, मोठं होतं आहे, आपल्याला कधी कळणार नाही अशा घरात किंवा संस्थेत. त्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं. श्रद्धेचं विचारलंत तर, देव आहे असं मी अजून मानते. सध्या आमचं बोलणं नाही.

होम स्टडी लिहिणारी

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, म्हणून जरा कडू लिहिते.

उशिराची सगळी कारणं चांगली नसतात. फाइली नुसत्या पडून राहतात, माणसं रजेवर जातात, एका सहीसाठी महिना जातो. पण काही उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. आधी मुलाला त्याच्याच देशात घर मिळतंय का हे पाहायचं. आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घ्यायची, ती दबावाखाली किंवा पैशांच्या बदल्यात नाही ना याची खात्री करायची. हे त्याच दत्तक करारातलं कलम ४. या पायऱ्या गाळल्या की काय होतं ते जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर दिसलं. काही अमेरिकी धार्मिक मंडळी ३३ मुलांना घेऊन सीमा ओलांडायला निघाली आणि अटक झाली. मुलं अनाथ आहेत असं त्यांचं म्हणणं. चौकशीत निघालं की बहुतेकांचे आईवडील किंवा जवळचे नातलग जिवंत होते. त्या मंडळींकडे श्रद्धा भरपूर होती. कागद नव्हते.

होम स्टडीत मी श्रद्धेबद्दल विचारते. उत्तर 'आहे' की 'नाही' याने मला फरक पडत नाही. 'देवाने आम्हाला हेच मूल दाखवलंय' असं कोणी म्हटलं की मात्र मी पेन खाली ठेवते आणि विचारते, उद्या त्या मुलाची मावशी पुढे आली आणि म्हणाली मी सांभाळते, तर? काही जण गप्प बसतात, काहींचे डोळे भरतात. ते चालतं. काही जण म्हणतात, असं होणारच नाही. त्यांच्याबरोबर मला पुन्हा बसावं लागतं.

दत्तक आलेली, आता तिशीत

होम स्टडीवाल्या ताई, तुमचा तो मावशीचा प्रश्न माझ्या आईवडिलांना कोणी विचारला असता तर बरं झालं असतं.

मी लहानपणापासून ऐकत आलेय, 'देवाने तुला आमच्यासाठीच पाठवलं.' प्रेमाने म्हणायचे, अजूनही म्हणतात. पण हे वाक्य मला कधीच पूर्ण पटलं नाही. देवाने मला तुमच्याकडे पाठवलं असेल, तर दुसऱ्या कोणाकडून काढूनही घेतलं असणार. तिनेही प्रार्थना केली असेल की. तिच्या वाट्याला काय आलं?

आणि वरच्या बाबांचं ते सही-शिक्क्याबद्दलचं वाक्य वाचून मी थांबलेच. दक्षिण कोरियातून १९५५ ते १९९९ या काळात १ लाख ४० हजारांहून जास्त मुलं परदेशात दत्तक गेली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने सांगितलं की घरचे असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद झाली, काहींची ओळखच बदलून टाकली गेली. सगळ्या कागदांवर सह्या होत्या, शिक्के होते. मी त्या देशातली नाही, पण माझ्या फाइलमध्येही 'पालक अज्ञात' एवढ्या दोन शब्दांवर सगळं संपतं. कोणी शोधलं होतं का, कुठे शोधलं, ते लिहिलेलं नाही.

म्हणून वाट पाहणाऱ्यांना एक मागणं. तो वेळ कागद वाचण्यात घाला, नुसते जमवण्यात नको. मूल कुठे सापडलं, कोणी आणलं, सोबत काय होतं, संमतीपत्रावर कोणाची सही, हे आत्ताच विचारा. मुलाच्या मूळाची माहिती जपून ठेवणं कलम ३० प्रमाणे यंत्रणेचं काम आहे, पण वीस वर्षांनी विचारायला गेलं की कार्यालय हललेलं असतं आणि माणसं निवृत्त झालेली असतात. अस्पष्ट झेरॉक्सही टाकू नका. भाषा कळत नसली तरी ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा. माझ्या एका कागदाच्या मागे पेन्सिलने एक नाव लिहिलेलं आहे. कोणाचं, ते मी अजून शोधते आहे.

शाळकरी मुलीची आई, पुन्हा

हे वाचून आमची फाइल काढली. मागची पानं कधी स्कॅनच केली नव्हती, आज केली. त्या रात्रपाळीच्या मावशींचं नाव एका हजेरीच्या कागदावर सापडलं. लेकीने ते वाचून तीनदा म्हणून पाहिलं.

धागा काढणारी

आमच्याकडे नवीन काही नाही. पण आज समाजसेविकांना फोन करून फाइल कुठे आहे हे विचारलं नाही. विचारलं की मुलाच्या मूळाची माहिती आम्हाला किती मिळते आणि कधी. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, हे फार थोडे जण विचारतात, लेखी विचारा. लिहिते आहे. नवऱ्यानेही तक्ता करून चौथा रकाना आखलाय, त्यात पोलिस पडताळणी लाल झालीय. आणखी काय लागेल, तेही सांगून ठेवा.

दोन मुलांचा बाबा

कलम २३ चं प्रमाणपत्र. आपलं दत्तक १९९३ च्या करारानुसार झालं आहे हे सांगणारा कागद तोच, आणि त्याच्या जोरावर ते त्या करारातल्या इतर देशांत मान्य होतं. नागरिकत्व, पासपोर्ट, शाळा, जिथे जाल तिथे तो मागतात. जास्तीच्या प्रमाणित प्रती तिथेच काढून घ्या, परत आल्यावर मागवायला जीव जातो. नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग काउंटरवर उभं राहूनच तपासा, मागे रांग कितीही असो. पाठपुराव्याच्या अहवालांच्या तारखाही तक्त्यात घाला, मूल घरी आल्यावर त्या विसरायला होतात. आणि मूळ प्रत चेक-इन बॅगेत टाकू नका. बायको म्हणते, हे शेवटचं दोनदा लिही.