न समजलेल्या दुःखाची साक्ष कशी द्यावी?

नगरची सून

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा त्यांचे वय ४६ होते. उजवी बाजू गेली आणि वाचाही बहुतेक गेली. आज ते ‘बरं’, ‘नको’ आणि आमच्या मुलीचे नाव, एवढेच स्पष्ट उच्चारू शकतात. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेच्या वेळी वीस वर्षे पेटी तेच वाजवत असत. त्यांना नाचणीची पेज डाव्या बाजूनेच भरवावी लागते, कारण उजवीकडे घास गालात अडकून राहतो आणि त्यांना ते कळत नाही. माझा दिवस अशा गोष्टींत जातो.

पहिल्याच आठवड्यात भेटायला आलेल्या एका भगिनीने सांगितले, “देवाची इच्छा आहे, स्वीकारा.” त्याच संध्याकाळी शेजारच्या हिंदू आजी येऊन म्हणाल्या, “नशिबाचे भोग, बाई, भोगल्याशिवाय सुटका नाही.” दोघींच्याही डोळ्यांत पाणी होते आणि दोघींवरही माझा राग नाही, पण या दोन वाक्यांत नेमका फरक कोणता, हे मला त्या रात्री सांगता आले नाही आणि खरे तर आजही येत नाही. आणखी एकांनी तर घरात काही लपलेले पाप आहे का, ते शोधायला सुचवले. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता पुढच्या महिन्यात मंडळीचा वर्धापनदिन आहे. पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) मला त्या दिवशी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सर्वांपुढे बोलायला, सांगितले असून ‘परीक्षेतून प्रकट झालेला देवाचा हेतू’ असा विषयही दिला आहे. त्यांनी हे प्रेमाने सांगितले, आमच्या कठीण दिवसांत ते सतत येत होते, म्हणून ‘नाही’ म्हणणे जड जाते. परंतु मला हेतू दिसलेला नाही. रोज रात्री ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हणते आणि सकाळी उठून त्यांना व्यायामासाठी रिक्षाने घेऊन जाते. मग मनात येते की मी खरोखर समर्पण केले असते, तर त्यांनी बरे व्हावे म्हणून इतकी धडपड केली असती का? जाणत्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त पाळक

भगिनी, सलाम. मी तीसहून अधिक वर्षे मंडळ्यांत सेवा केली आणि तुमच्या त्या भगिनीने उच्चारलेले वाक्य मीही कित्येक घरांत उच्चारले आहे, हे आधी कबूल करतो.

तुम्ही रोज म्हणता ती प्रार्थना नीट पाहा. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’, असे प्रभूने आपल्याला मागायला शिकवले. पृथ्वीवर जे जे घडते ते सारे आधीच देवाच्या इच्छेप्रमाणे असते, तर ते तसे व्हावे म्हणून मागण्याचे कारणच उरत नाही. शेजारच्या आजींच्या ‘भोगां’त आणि आपल्या ‘इच्छे’त माझ्या मते हा फरक आहे: भोगांना कोणी विनवणी करू शकत नाही, पित्याला करता येते. त्याच प्रार्थनेत पुढे आपण ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ असेही म्हणतो. म्हणजे परीक्षा टळावी अशी इच्छा धरणे हा अविश्वास नव्हे; ती इच्छा प्रभूनेच आपल्या तोंडी घातली आहे. (मराठीत ‘परीक्षा’ म्हटले की पर्यवेक्षक, प्रश्नपत्रिका आणि ठरलेली उत्तरे डोळ्यांपुढे येतात. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत, पण शाळा नाही.)

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने काय केले? ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे शब्द त्याने उच्चारले, परंतु त्याआधी ‘हा प्याला टळून जावो’ असे मागितले, आणि मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणे तीच प्रार्थना तीनदा केली. प्रेषित पौलानेही ‘शरीरातील काटा’ (त्याला छळणारे दुःख) निघावा म्हणून तीनदाच विनवले. आपण उपदेशात मागणीचा भाग पटकन ओलांडून स्वीकाराच्या भागाकडे धावतो, कारण ऐकणाऱ्यांना आणि सांगणाऱ्यालाही तेथे अधिक सुरक्षित वाटते. तुमची सकाळची रिक्षा ही त्या पहिल्या अर्ध्या वाक्यातली आहे आणि रात्रीची प्रार्थना दुसऱ्या अर्ध्यातली. दोन्ही मिळून समर्पण होते.

हेतूविषयी सांगायचे, तर बायबलमधले ईयोबाचे, म्हणजे निर्दोष असून सारे गमावलेल्या माणसाचे, पुस्तक पुन्हा वाचा. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले ते वाचकाला कळते, पण ४२ अध्याय संपले तरी ते ईयोबाला कोणी सांगत नाही. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली आणि अखेरीस देवाने म्हटले की ते त्याच्याविषयी ईयोबासारखे यथार्थ बोलले नाहीत. तक्रार करणारा ईयोब खरा ठरला आणि देवाची बाजू मांडणारे खोटे ठरले! पापाचा शोध घ्यायला सांगणाऱ्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय दाखवावा. जन्मांध माणसाविषयी ‘याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले म्हणून नव्हे’, असे प्रभू तेथे म्हणतो, एवढे पुरे.

विश्वासू भाऊ

पाळकसाहेबांचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. याकोबाच्या पत्रात नाना प्रकारच्या परीक्षा येतात तेव्हा आनंदच माना असे म्हटले आहे, आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रात सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगितले आहे. माझा धंदा बुडाला त्या वर्षी एका बंधूंची साक्ष ऐकली नसती, तर मी काय करून बसलो असतो ते सांगवत नाही. ताईंनी साक्ष टाळली, तर मंडळीत माझ्यासारखा कोणी मागच्या बाकावर बसलेला असेल, त्याचे काय? हेतू पुष्कळदा बोलता बोलता उलगडतो. ताईंनी धैर्य धरावे, असे मला वाटते.

निवृत्त पाळक

भाऊ, तुमचा मागच्या बाकावरचा माणूस मला मान्य आहे. फक्त एक शब्द पाहा. ‘सर्व स्थितीत’ असे वचन आहे, ‘सर्व स्थितींबद्दल’ असे नाही. पक्षाघाताबद्दल आभार मानण्याची सक्ती त्यात मला दिसत नाही. रोमकरांस पत्रातले आठव्या अध्यायातले २८ वे वचन आपण सगळे पाठ म्हणतो, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात म्हणून. पण ते कल्याण म्हणजे काय, ते लगेच २९ व्या वचनात आहे: पुत्राच्या प्रतिमेसारखे होणे. हरवलेले सारे दामदुपटीने परत मिळेल, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

केडगावची लेक

मी केडगावची आहे. नगरजवळचे नव्हे, दौंड तालुक्यातले, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे. त्यामुळे रमाबाईंविषयी लहानपणापासून इतके ऐकले आहे की काही वर्षे कंटाळाही आला होता. आमच्याकडे त्यांची गोष्ट बहुधा एका सरळ रेषेत सांगतात: दुष्काळात आई-वडील गेले, पुढे विधवा झाल्या, मग प्रभू भेटला आणि अनाथ मुलींचे कार्य उभे राहिले, पाहा, देवाची योजना! त्यांचे चरित्र मोठेपणी सावकाश वाचले तेव्हा ती रेषा मला तितकी सरळ दिसली नाही.

त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत फिरत असत. दुष्काळाच्या काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ साली कॉलऱ्याने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथवर सर्वांना ठाऊक असते. परंतु बाप्तिस्म्यानंतरही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी उमगला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढे सोसलेल्या आणि एवढे वाचलेल्या बाईला ही गोष्ट कळायला सुमारे आठ वर्षे लागली. नगरच्या ताई, तुम्हाला तर दोनच झाली आहेत.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वाँटेजच्या दिवसांतले. तेथील मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून चांगलाच वाद झाला. पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यावर दुसरे तसलेच जोखड देवाची आज्ञा म्हणून मी घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी कळवले होते. आश्रयदात्यांना असे लिहिणारी स्त्री त्या काळात किती जणांना ‘समर्पित’ वाटली असेल? आणि तरीही देवाला आपले आयुष्य त्यांच्याइतके निःशेष देणारे माणूस मला दुसरे सांगता येत नाही. त्यांच्याकडून मी एवढेच शिकले की देवाला शरण जाणे वेगळे आणि देवाच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येकाला शरण जाणे वेगळे. दुसऱ्याला नकार देता येत नसेल, तर पहिल्यात आपले असे काय उरते, याची मला शंका आहे.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. याच सुमारास त्यांनी आपल्या कुटुंबाच्या उपासमारीच्या आठवणीही लिहिल्या. पानाफुलांवर काढलेले दिवस वीस वर्षांनी दुसऱ्यांच्या मुलींच्या चेहऱ्यांवर त्यांना ओळखता आले, हे खरे. पण तेवढ्यासाठी देवाने त्यांचे आई-वडील उपाशी मारले, असे म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि आमच्या व्यासपीठावरून कोणी तसे सुचवले की मी मान खाली घालते. शेवटचा भाग तर कोणी फारसा सांगतच नाही. कानांनी त्यांना ऐकू येईनासे झाले होते. ज्या मनोरमेच्या हाती काम सोपवायचे, ती जुलै १९२१मध्ये गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत त्या हिब्रू-ग्रीकवरून चालवलेल्या मराठी बायबलच्या कामालाच लागलेल्या होत्या. ते छापून पूर्ण झालेले त्यांनी पाहिले नाही. त्या नऊ महिन्यांचा हेतू मला ठाऊक नाही. त्या कामाला बसत, एवढे ठाऊक आहे.

वसईकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडे साक्ष देण्याची प्रथा तुमच्याइतकी नाही. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) असते, आणि नोव्हेनात आपण गप्प बसून मागू शकतो, ही मोठी सोय आहे.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्याविषयी थोडे लिहितो. लोक त्यांच्या शेवटाबद्दल बोलतात, म्हणजे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर दिले गेले त्याबद्दल. मला त्यांच्या आयुष्याचा मधला भाग अधिक भावतो. त्यांना येशूसंघात (जेझुइट धर्मगुरूंच्या संघात) प्रवेश हवा होता, जपानमध्ये त्यांनी त्या धर्मगुरूंबरोबर काम केले, आणि तरीही त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात पडले आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. नकार मिळाला त्या दिवशी कोणी त्यांना ‘यात देवाचा हेतू आहे’ असे म्हटले असते, तर ते खरे ठरले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी ते म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, इतके मात्र सांगतो.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नासियो लोयोला यांनी शिकवले आहे की आजारापेक्षा आरोग्यच हवे, असाही हट्ट माणसाने धरू नये. माझ्या आईच्या कर्करोगाच्या काळात एका फादरांनी मला हे सांगितले. मला ते तेव्हा जमले नाही आणि अजूनही जमलेले नाही, तरी मी मिस्सेला जातो.

नगरची सून

सर्वांचे मनापासून आभार. पाळकसाहेबांचे उत्तर मी दोनदा वाचले आणि केडगावच्या ताईंचे रात्री मोठ्याने वाचून यांना ऐकवले. ‘जोखडा’च्या वाक्याला हे ‘बरं’ म्हणाले.

काल आमच्या पाळकसाहेबांना जाऊन भेटले. मला हेतू दिसलेला नाही आणि जे दिसलेले नाही ते मंडळीपुढे सांगितले, तर ती खोटी साक्ष होईल, असे मी त्यांना म्हणाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यांनाही विषय देताना विचारायला हवे होते. साक्षीऐवजी मी बायबलमधले १३वे स्तोत्र वाचावे, असे आमचे ठरले. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हे वाचायला मला काहीच अडचण नाही. सहाच वचनांचे ते स्तोत्र आहे आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा व आनंद आहे. ती दोन मी वाचीन की चौथ्याशी थांबेन, हे त्या दिवशी उभी राहिल्यावरच कळेल. मागच्या बाकावरच्या माणसाचा विसर पडणार नाही, भाऊ.

एक राहिले. परवा मुलीने कपाटावरची पेटी खाली काढली. हे वाजवत तेव्हा सूर उजव्या हाताने आणि भाता डाव्या हाताने, आणि डावा हात तर शाबूत आहे, हे दोन वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. तिने सुरांवर बोटे ठेवली आणि यांनी भाता हलवायला घेतला. तिसऱ्या ओळीत ती चुकली तसा यांनी भाता थांबवला, “नको” म्हणाले आणि तिला पहिल्यापासून सुरू करायला लावले. असे चार वेळा झाले. मधल्या सप्तकातला एक सूर मात्र इतके दिवस बंद राहिल्याने दाबला की वर येत नाही. नगरमध्ये पेटी दुरुस्त करणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे.