स्पॉन टिकला तो कथेमुळे, की सातबाऱ्यामुळे?

तिरकी रेघ
विषय आडवळणाचा आहे, पण इथे कॉमिकवाले बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. मी आणि माझा मित्र एक मराठी कॉमिक करतोय. तो लिहितो, मी काढतो. १२ जुलै १९६१ला पानशेतच्या पुरात वाहून गेलेला एक तरुण आज लकडी पुलाखालून वर येतो. धड भूत नाही, धड माणूस नाही. एका प्रकाशकाला पहिला अंक आवडलाय. पण करारानुसार पात्र, नाव, चित्रं, पुढची सगळी माध्यमं, सगळं कायमचं त्यांचं. मित्र म्हणतो सही करू, निदान छापून तरी येईल. मी अडून बसलोय, आणि त्याला कारण स्पॉन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉड मॅकफार्लेन हा मार्व्हलचा गाजलेला चित्रकार. १९९०ला त्याच्या स्पायडरमॅनच्या पहिल्या अंकाच्या सुमारे २५ लाख प्रती गेल्या, पण पात्र कंपनीचं. १९९२ला त्याच्यासकट सात चित्रकारांनी इमेज कॉमिक्स काढलं. तिथे पात्र ज्याने घडवलं त्याच्याच मालकीचं. त्याच वर्षी मे महिन्यात स्पॉनचा पहिला अंक आला आणि १७ लाख प्रती खपल्या. नायक अल सिमन्स, सरकारी मारेकरी, स्वतःच्याच वरिष्ठाने काटा काढलेला. बायको पुन्हा दिसावी म्हणून तो नरकात सौदा करतो. परत येतो तेव्हा पाच वर्षं गेलेली, बायकोने त्याच्याच जिवलग मित्राशी लग्न केलेलं आणि त्यांना एक मुलगी.

माझं मत स्पष्ट आहे. चित्रं अफाट, तो लाल झगा चौकटी फोडून अख्ख्या पानावर पसरतो तेव्हा आजही थांबून बघावं लागतं. कथा मात्र बेताची. सुरुवातीच्या अंकांत तर टीव्हीवरच्या बातमीदारांच्या बडबडीनेच पानं भरलीयेत. तरी २०१९ला ३०१वा अंक आला आणि निर्मात्याच्या मालकीची सर्वांत दीर्घ सुपरहिरो मालिका म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. का? सातबारा त्याच्या नावावर होता म्हणून. कुणी संपादक येऊन मालिका बंद करू शकत नव्हता. खेळण्यांची कंपनीसुद्धा त्याने स्वतःच काढली.

भिकबाळी
असहमत. कडक असहमत.

कथा बेताची म्हणणाऱ्यांनी ती वाचलीय की नुसती चित्रं चाळलीत? स्पॉनची शक्ती मोजून दिलेली आहे. ९:९:९:९ पासून आकडा उतरत जातो आणि शून्याला पोचला की परत नरकात. म्हणून अंगात एवढी ताकद असलेला हा गडी चक्क बंदुका उचलतो, शक्ती वाचवायला. आणि तो प्रसंग आठवा: जळका चेहरा लपवायला तो शक्ती खर्चून पूर्वीसारखा व्हायला जातो, आणि होतो सोनेरी केसांचा गोरा माणूस! कृष्णवर्णीय नायकावर नरकाने केलेला विनोद आहे हा. १९९२च्या सुपरहिरो कॉमिकमध्ये. याला बेताचं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि १७ लाखांचं कौतुक पुरे. त्या काळात लोक पुढे भाव येईल म्हणून एकाच अंकाच्या गठ्ठ्याने प्रती घेऊन प्लॅस्टिकमध्ये ठेवत होते. काही वर्षांतच तो बाजार बसला. राहिली मालकी. ती सातही जणांकडे होती ना? मग तीनशेचा आकडा स्पॉननेच कसा गाठला?

पानशेतपूर्व
मुलांनो, तुमचं भांडण चालू द्या, पण एक सांगतो. आम्ही इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलो. वेताळ, म्हणजे मूळचा फँटम! कवटीची अंगठी, ठोसा मारला की जबड्यावर खूण. ली फॉकने तो १९३६ला सुरू केला आणि १९९९ला जाईपर्यंत लिहीत राहिला. मालकी किंग फीचर्स सिंडिकेटची. म्हणजे सातबारा दुसऱ्याच्या नावावर, तरी वेताळ स्पॉनच्या कितीतरी आधीपासून उभा आहे. यावर रेघसाहेबांचं काय म्हणणं?

(अवांतर: आपला हा वेताळ भुताखेतातला नव्हताच. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवणार, आणि जंगलातल्यांना वाटणार हा अमर आहे. नाव मात्र आपल्याकडे अस्सल स्मशानातलं मिळालं.)

तिरकी रेघ
काका, वेताळ टिकला हे मान्य. पण एक फॉक दाखवलात, दुसऱ्या बाजूची रांग बघा. सुपरमॅनचे हक्क १९३८ला १३० डॉलरमध्ये गेले. सुपरमॅनचाच लेखक जेरी सिगल १९४०ला बर्नार्ड बेलीबरोबर स्पेक्टर घेऊन आला, खून झालेला पोलीस भूत होऊन परत येतो. तेही पात्र कंपनीचंच झालं. पात्रं टिकतात हो. ती घडवणारे उतारवयात कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

भिकबाळी, मेलेला माणूस बदला घ्यायला परत येतो ही गोष्ट म्हणजे १९४०ची. स्पॉनने नवीन काय केलं?

भिकबाळी
बदला हा मुद्दाच नाही. स्पेक्टर बहुतेक वेळा न्यायाधीश असतो. स्पॉन गल्लीत बेघरांबरोबर झोपतो आणि लांबून स्वतःचा संसार दुसऱ्याच्या घरात चाललेला बघतो. तुमचा पानशेतवालाही तेच करणार आहे ना? मग कथा बेताची कशी?

रद्दीतलं रत्न
जुन्या बाजारात एका रविवारी घोस्ट रायडरचे जुने अंक हाती लागले तेव्हापासून मी त्याचा चाहता, म्हणून मध्ये पडतो. १९७२चं पात्र. १९७१ला अमेरिकेतली कॉमिक्सची आचारसंहिता सैल झाली, भुतंखेतं पुन्हा चालू लागली, त्या लाटेत आलं. जळती कवटी, मोटरसायकल आणि सैतानाशी करार. लेखक गॅरी फ्रेडरिकने पुढे मालकीसाठी दावा लावला. मार्व्हलने त्याच्यासमोर १९७८चा त्याच्या सहीचा कागद ठेवला. २०११ला तो हरला, वर स्वतःच घडवलेल्या पात्राची चित्रं विकली म्हणून १७,००० डॉलर मागितले गेले. २०१३ला अपिलात निकाल फिरला आणि मग तडजोड झाली. कथेतल्या नायकाला निदान माहीत होतं समोर कोण बसलंय ते.

रेघ यांना +१. सही करू नका.

नळस्टॉपची वकीलीण
सगळे मॅकफार्लेनच्या आरत्या ओवाळताय म्हणून पुढचा अध्याय सांगते. १९९३ला त्याने चार नामवंत लेखकांना एकेक अंक लिहायला बोलावलं. नववा नील गेमनने लिहिला आणि त्यात तीन नवी पात्रं आली: अँजेला, मध्ययुगीन स्पॉन आणि कोग्लिओस्ट्रो हा गल्लीत राहणारा म्हातारा. दहाव्या अंकात, जो डेव्ह सिमने लिहिला, प्रसिद्ध सुपरहिरो कोठडीत डांबलेले आहेत आणि गजांमधून नुसते हात बाहेर आलेत. पात्रं कंपन्यांच्या कैदेत आहेत, हा अर्थ. आणि त्याच सुमाराला नवव्या अंकातल्या पात्रांवरून खटल्याची बीजं पडत होती!

गेमन म्हणाला, तिन्ही पात्रांत माझाही वाटा आहे. २००२ला ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला, २००४ला अपिलात न्यायाधीश पोझनर यांच्या पीठाने तो कायम ठेवला. वाद वाचण्यासारखा आहे. मॅकफार्लेनची बाजू अशी, की लेखकाने शब्दांत सांगितलेला म्हातारा ही नुसती कल्पना, आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो. कोर्ट म्हणालं, नाव मिळालं, बोलणं मिळालं, चेहरा मिळाला, तेव्हा पात्र झालं. ते दोघांनी मिळून केलं, म्हणून दोघांचं. प्रकरण पूर्ण मिटायला २०१२ उजाडलं, आणि अँजेला २०१३ला कुठे गेली? मार्व्हलकडे. ज्या घरातून मॅकफार्लेन भांडून निघाला होता तिथे.

म्हणजे रेघ, तुमचा आदर्श पुरुष मालक झाल्यावर बरोबरच्याला म्हणाला, पात्र माझं. विचार करा.

आता कामाचं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे: करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. पण तुमच्या कागदावर 'कायमचं' लिहिलंय, म्हणजे ही पळवाट बंद. मुदत घालून मागा. माध्यमं एकेक करून लिहायला सांगा. कलम ५७ मात्र तुमच्याकडेच राहतं: हक्क विकले तरी निर्माता म्हणून नाव सांगायचा अधिकार जात नाही.

आणि एक प्रश्न. तुमच्या आणि मित्रामध्ये काही कागद झालाय का?

तिरकी रेघ
आमच्यात कागद कशाला? नू. म. वि.पासूनचे मित्र आहोत.

नळस्टॉपची वकीलीण
बरं. मग सांगा, पुरात वाहून गेलेला तरुण कुणाला सुचला?

तिरकी रेघ
मूळ ओळ त्याची. पण तो तरुण दिसतो कसा, चालतो कसा, अंगावरची घोंगडी कायम निथळत असते पण जमीन ओली होत नाही, हे सगळं माझं. पान ४ वर तो आपल्या वाड्याच्या जागी येतो. तिथे सोसायटी, लिफ्ट, आणि वॉचमन रजिस्टर पुढे करून विचारतो, "कुणाकडे?" तो नाव लिहितो, येण्याची वेळ लिहितो, आणि गाडी नंबरच्या रकान्यापाशी अडतो. संवाद एका शब्दाचा. बाकी सगळं चित्रात आहे. लेखकाने मला दिलं होतं एवढंच: "तो घरी येतो, घर नाही."

पानशेतपूर्व
रजिस्टरचं पान चांगलं जमेल. पण एक लक्षात ठेवा. त्या दिवशी आमच्या नारायण पेठेत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पाणी ओसरल्यावर गाळाचा जो वास होता तो पुढे कित्येक दिवस जाईना. तुमच्या नायकाला शक्ती देताना तेवढं भान ठेवा, नाहीतर पुराचं नाव घेऊन पोस्टर खपवल्यासारखं होईल. राज कॉमिक्सवाल्यांनी नागराजला विषाची शक्ती दिली आणि त्याची सुटका करायला बाबा गोरखनाथ आणले, ते खपून गेलं, कारण तिथे सगळंच कल्पनेतलं होतं. इथे माणसं खरीच गेलीत.

भिकबाळी
काकांशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच म्हणत होतो, आधी कथा. सातबारा नंतर.

रद्दीतलं रत्न
आधी कथा, नंतर सातबारा, आणि मधल्या मध्ये प्रकाशक सही घेऊन मोकळा. व्वा.

घर नाही
नमस्कार. मीच तो मित्र. कालपासून हा धागा गुपचूप वाचतोय.

"तो घरी येतो, घर नाही" एवढंच दिलं म्हणे. वा रे वा. रजिस्टर कुणाचं? आमच्या सोसायटीच्या गेटवर माझे मामा गावाहून आले तेव्हा त्यांना गाडी नंबर विचारला, तो किस्सा तुला चहाच्या टपरीवर कुणी सांगितला होता? घोंगडी तुझी, शंभर टक्के मान्य. मी तर त्याला रेनकोट घालणार होतो.

सहीबद्दल: मी अजूनही करू याच मताचा आहे. मॅकफार्लेन स्पायडरमॅनमुळे घराघरात पोचला, मग बाहेर पडला. आपल्याला शनिवार पेठेत कुणी ओळखत नाही. वकीलीणबाई म्हणतात तशी पाच वर्षांची मुदत आणि फक्त छापील पुस्तक, एवढं प्रकाशकाकडे मागून बघू. नाही म्हणाले तर तुझं खरं.

पण त्याआधी आपला दोघांचा कागद. मी निम्मं-निम्मं लिहून आणतो, रविवारी ये.

तिरकी रेघ
निम्मं-निम्मं? पानं काढायला मला किती वेळ लागतो माहितीये ना तुला? साठ-चाळीस.

घर नाही
फोन उचल.